किराणा यादी, मोजपट्टी आणि ताट: सोलापूरच्या घरात नातवापासून आजीपर्यंत सगळ्यांचा आहार कसा तपासावा

घरात पाच माणसं असली की पाच वेगवेगळे डाएट चार्ट भिंतीवर लावायचे आणि पंधरा दिवसांत ते विसरायचे, हा प्रकार बहुतेकांनी करून पाहिलेला असतो. ते टिकत नाहीत, कारण ओटा एक, कुकर एक आणि राबणारी बाई बहुधा एकच. म्हणून या लेखात वेगळा स्वयंपाक कुठेच सांगितलेला नाही. स्वयंपाक एकच राहील, वाढप मात्र वयाप्रमाणे बदलेल. कुणाच्या ताटात काय वाढवायचं आणि काय कमी करायचं, हे ठरवायला आधी घराची तपासणी करावी लागते. तिला सात-आठ दिवस लागतात, खर्च फारसा नाही. लागणारं सामान म्हणजे महिन्याची किराणा यादी, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही.

पहिली पायरी: माणसांना नंतर विचारा, आधी किराणा यादी वाचा

"आज्जी, काल काय काय खाल्लंत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय न्हाई ओ, नेहमीचंच की. चटणी-भाकरी." आजी खोटं बोलत नसते. पण माणसाला जेवण आठवतं, मधलं खाणं आठवत नाही. चार वेळचा चहा, त्यातली खारी, दुपारी नातवाच्या पुडीतले चार कुरकुरे हे त्याच्या हिशेबातच नसतं. यादीत मात्र सगळं येतं.

महिन्याला जेवढं तेल येतं त्याला माणसांच्या संख्येने भागा, मग 30 ने. पाच माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल लागत असेल, तर वजनात ते साधारण साडेचार किलो. म्हणजे माणशी दिवसाला 30 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरीच्या ताटासाठी 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. वरवर पाहता फार फरक नाही. पण बाहेरची भजी, वडा, चिवडा, फरसाण या हिशेबात आलेलं नाही, तूप तर वेगळंच. लहान मूल घरात असेल तर त्याला अर्धा माणूस धरा, आकडा जास्त खरा निघेल.

मीठही असंच मोजायचं. पाच जणांत महिन्याला एक किलोची पिशवी संपली तर माणशी सुमारे साडेसहा ग्रॅम, आणि मर्यादा 5 ग्रॅमची. लोणचं, पापड, खारे दाणे आणि विकतची चटणी धरली की आकडा सहज वर जातो. साखर 5 किलो येत असेल तर माणशी 33 ग्रॅम. ती 20 ते 25 च्या आत हवी. "आम्ही गूळ वापरतो" म्हणणाऱ्यांनी गूळही याच बेरजेत धरायचा. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने दोघांत मानण्यासारखा फरक नाही.

या यादीतली सगळ्यात बोलकी ओळ म्हणजे डाळ. "आमच्याकडे दोन्ही वेळा वरण असतं" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता थेट डब्याकडेच बघतो. सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून महिन्याला 3 किलो आणि खाणारी पाच तोंडं, म्हणजे माणशी 20 ग्रॅम. सूचनांमध्ये डाळी, कडधान्यं, अंडी, मांस-मासे मिळून दिवसाला 85 ग्रॅम आहेत. दोन्ही वेळा वरण असतं, पण त्यात डाळ किती आणि पाणी किती, ते डबा सांगतो. कुकरला लावताना किती वाट्या डाळ टाकली हे मोजा. साधारण दीडशे मिलिलिटरची एक सपाट वाटी म्हणजे 120 ते 130 ग्रॅम तूरडाळ. पाच जणांत ती एकच असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला 25 ग्रॅम येते.

भाजीचं काय? मंडईतून आठवड्याला किती किलो आली ते लिहा. माणशी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या हव्यात, पैकी 100 ग्रॅम पालेभाजी. वेळ अमावस्येच्या, म्हणजे हिवाळ्यात शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाच्या, भज्जीत हरभऱ्याचा पाला, वाटाणा, पावटा, शेंगदाणे सगळं एकाच पातेल्यात असतं. त्या दिवशी आपलं ताट पोषणशास्त्राच्या पुस्तकाला शोभेल असं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पालेभाजी महाग होते, सुकते आणि ताटात बटाटा-चटणी उरते. म्हणून शक्य तर ही तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा हुरड्याच्या दिवसांत आणि एकदा उन्हाळ्यात.

दुसरी पायरी: प्रत्येकाचे तीन दिवस वहीत

आता माणसांना विचारा. "तुम्ही सहसा काय खाता" असं विचारू नका, कारण उत्तर आदर्श दिवसाचं येतं. "काल डोळे उघडल्यावर पहिलं तोंडात काय गेलं?" इथून सुरुवात करा आणि रात्री झोपेपर्यंत क्रमाने या. एक साधा दिवस, एक रविवार आणि एक उपवासाचा दिवस, असे तीन दिवस पुरतात. सोलापुरात रविवार वगळून काढलेली नोंद अर्धवटच. मटणाचा दिवस तोच. आणि उपवास वगळून काढलेली नोंद आजींच्या बाबतीत फसवी, कारण सोमवार, एकादशी, चतुर्थी मिळून महिन्यातले बरेच दिवस साबुदाण्यावर जातात.

सासू-सुनेला एकत्र बसवून विचारू नका. सुनेचं उत्तर सासूकडे बघत येतं, आणि कधी उलटही. मुलांना एकटं गाठून विचारा. शाळेच्या गेटवरच्या पाच रुपयांच्या पुड्या आईसमोर बाहेर येत नाहीत.

मापं घरचीच ठेवा. कोणत्या वाटीत पाणी किती मावतं ते एकदा मोजून ठेवलं की झालं. भाकरीचं वजन मात्र स्वतः करा. एका भाकरीला लागणारं पीठ तव्यावर जायच्या आधी काट्यावर ठेवा. कुणाकडे 50 ग्रॅम निघतं, कुणाकडे 90. कडक भाकरीबद्दल विशेष सावध राहा. पातळ, कुरकुरीत म्हणून ती पापडासारखी मोजली जाते. पण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, पीठ जात नाही. आमटीत चुरून चार कधी संपल्या ते कळत नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत नोंदीत भात, पप्पू (डाळ) आणि चारू (पातळ सार) जास्त येईल. तिथे भाकरीऐवजी शिजलेल्या भाताची वाटी मोजा. यंत्रमागावर पाळी करणाऱ्यांची नोंद घड्याळाने घ्या. रात्रपाळीत सकाळचा नाश्ता म्हणजे कुणाचं जेवण आणि कुणाची झोपेआधीची भजी, हे घड्याळ असल्याशिवाय कळत नाही. विड्या वळणाऱ्या बायकांना मिसरीबद्दल सहज, न टोचता विचारा. तंबाखूने भूक मरते आणि "मला सकाळी भूकच नसते" याचं कारण कधी कधी त्या डबीत सापडतं. घरात गरोदर बाई असेल तर हा प्रश्न टाळू नका.

तिसरी पायरी: कुणाला काय माहीत आहे?

ही पायरी लोक वगळतात. पण घरात कुणाला काय ठाऊक आहे हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारा: डाळिंब आणि बीट खाल्ल्याने रक्त वाढतं का? शुगरवाल्याला ज्वारी कितीही चालते का? म्हाताऱ्या माणसाला कमी खाणंच बरं का? चहा आणि रक्ताचा काही संबंध आहे का? अंड्याएवढं प्रोटीन शाकाहारात कशात?

साधारण असं दिसतं की नातीला शब्द माहीत असतात: कॅलरी, प्रोटीन, डिटॉक्स. आजीला पदार्थ माहीत असतात: कोणत्या महिन्यात कोणता पाला खावा, कारळाची चटणी कुणाला द्यावी. आणि किराणा भरणाऱ्याला फक्त भाव माहीत असतात. ताट ठरतं ते बऱ्याचदा तिसऱ्याच्या हातून. म्हणून नातीला आणखी माहिती देण्यापेक्षा किराणा भरणाऱ्याला डाळीचा हिशेब दाखवणं जास्त कामाचं.

उत्तरं थोडक्यात. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, भौगोलिक मानांकन मिळालेलं, राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच, जरूर खावं. पण त्यात लोह नगण्य असतं आणि बीटाचा लाल रंग लोहाचा नव्हे. ज्वारी उत्तम धान्य आहे, शंभर ग्रॅमला सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच तंतू, मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी सरस. तरी प्रत्येकी 70 ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत नव्वदेक ग्रॅम कर्बोदकं येतात; मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी तेवढीच येतात. शिवाय नुसत्या ज्वारीवर भागत नाही. तिच्यात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असतो, तो डाळीतून येतो. दख्खनमध्ये जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा रोग दिसायचा. त्यावर हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास काम केलं होतं. जुन्या माणसांनी भाकरीसोबत डाळ, शेंगा, ताक का ठेवलं हे त्यातून समजतं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पुढे ओघात येतील.

चौथी पायरी: शरीर मोजा

कंबरेचा घेर घ्यायचा तो पँटच्या पट्ट्याच्या जागी नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत 80 च्या वर गेला की मधुमेह-हृदयरोगाचा धोका वाढलेला समजायचा. वजन किलोत घेऊन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून स्थूलता धरतात. परदेशी तक्त्यातला 30 चा आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, लघवीला जाऊन यायचं, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, दंड छातीच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिला तर डॉक्टरकडे जा. एका दिवसाच्या आकड्यावर गोळी सुरू करू नका आणि एका चांगल्या आकड्यावर बंदही करू नका.

रक्ताच्या तपासण्यांसाठी मोठं पॅकेज घ्यायची गरज नसते. तीस वर्षांवरच्यांची रक्तदाब आणि साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आशाताईंकडे चौकशी करा. पुढचं काही निघालं तर सिव्हिल आहेच. जवळ ठेवायचे आकडे एवढेच:

हिमोग्लोबिन पुरुषांत 13, बायकांत 12, गरोदरपणी 11, पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत 11.5 याच्या खाली म्हणजे रक्तक्षय.
उपाशीपोटी साखर 100 ते 125 म्हणजे उंबरठ्यावर, 126 पासून मधुमेह.
तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 5.7 ते 6.4 उंबरठ्यावर, 6.5 पासून मधुमेह.
ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 150 च्या आत. चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत 40 च्या आणि बायकांत 50 च्या वर.
बी बारा जीवनसत्त्व 200 च्या खाली गेलं तर कमतरता.

मधुमेह एकाच अहवालावर पक्का ठरवत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून घेतात. आणि एक गोष्ट अनेकांना कुणी सांगत नाही: लोह कमी असलेल्या माणसाचा एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसू शकतो. हिमोग्लोबिन 9 असलेल्या बाईचा तो 6.1 आला म्हणून लगेच तिचा भात तोडू नका. आधी रक्त सुधारा, तोवर उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर लक्ष ठेवा. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात एकदम शहाणं होऊन गोड बंद करणाऱ्यांनाही कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. तपासायचा आहे तो तुमचा नेहमीचा महिना.

पाचवी पायरी: ताटं, वयाप्रमाणे

*सहा महिने ते दोन वर्षं.* सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीही नको. त्यानंतरची मुख्य चूक पातळपणाची. डाळीचं पाणी आणि पेज पोट भरते, पण बाळाला काही देत नाही. चमचा तिरका केला की ओघळून पडणारं अन्न पातळ समजा. चमच्यावर थांबेल एवढं घट्ट हवं. मऊ खिचडीत चमचाभर तूप, भाजलेल्या दाण्याचं अगदी बारीक कूट, पूर्ण शिजलेलं अंडं कुस्करून. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धा कप, दिवसातून तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक कप आणि मधे एक-दोन वेळा काहीतरी. चहात बुडवलेलं बिस्कीट नाही. वर्षाच्या आत मध नाही. अंगणवाडीत दंडाचा घेर घेतात, तो घरीही घेता येतो: 12.5 सेंटिमीटरच्या खाली काळजी, 11.5 च्या खाली त्याच दिवशी दवाखाना. वजन नोंदवलेलं कार्ड जपून ठेवा आणि रेषा आडवी झाली का तेवढं बघा.

*तीन ते नऊ.* इथे फार लिहिण्यासारखं नाही. जंताची गोळी वेळेवर, पुड्या आठवड्यातून एखादी, डब्यात शेंगापोळी किंवा धपाटे. उंची वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर वाढायला हवी. दाराच्या चौकटीवर वाढदिवसाला पेन्सिलची खूण करा. वर्षात 4 सेंटिमीटरही वाढली नाही तर दाखवून या.

*दहा ते एकोणीस, विशेषतः मुली.* घरात एकाच माणसाकडे लक्ष द्यायला वेळ असेल तर तो हिला द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सोळा ते अठरा वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे 32 मिलिग्रॅम लोह हवं, तिच्या वडिलांना 19. म्हणजे जिला जास्त हवं ती वाढत्या वजनाच्या भीतीने एक भाकरी खाते आणि ज्याला कमी पुरतं त्याला वरणाचा घट्ट भाग वाढला जातो.

तीन भाकऱ्यांतून साधारण 8 मिलिग्रॅम लोह येतं, पण सगळं शरीरात उतरत नाही. धान्य-कडधान्यातले फायटेट ते अडवून ठेवतात, चहातलं टॅनिन तर फारच. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. सोलापुरात हे सांगणं सोपं नाही, कारण इथे जेवणानंतरचा चहा हा जेवणाचाच भाग आहे. जेवतानाच लिंबू, कच्चा कांदा-टोमॅटो, पेरूची फोड किंवा आवळा घेतला की क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. मटकी मोड आणून घ्या. पालेभाजी लोखंडी कढईत परता. मटण खाणाऱ्या घरात रविवारच्या कालवणातले मांसाचे तुकडे मुलींच्या ताटात किती पडतात ते मोजा. बऱ्याचदा त्यांच्याकडे रस्साच येतो.

तरीही हिमोग्लोबिन 10 ला टेकलं असेल तर नुसत्या अन्नाने ते भरून निघत नाही, गोळी लागतेच. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी ही प्रतिबंधासाठी असते. रक्तक्षय असेल तर डॉक्टर रोजची देतात. ती दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळं झालं म्हणून घाबरून बंद करू नका. महिन्यात हिमोग्लोबिन साधारण एकने वाढायला हवं. न वाढल्यास पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा गुण आहे का, हे तपासून घ्यावं लागतं. आकडा सुधारल्यावरही साठा भरायला गोळ्या आणखी तीनेक महिने चालू ठेवतात.

मुलांचं दुखणं वेगळं: जिमचा डबा आणि थंड पेयं. सतरा वर्षांच्या पोराला प्रथिनांच्या पावडरीआधी दोन अंडी, वाटीभर उसळ आणि दह्याची वाटी द्या.

*वीस ते पंचेचाळीस.* इथे प्रथिनांचा हिशेब करून बघाच. 55 किलोच्या बाईला दिवसाला 46 ग्रॅम लागतात, म्हणजे किलोला 0.83. तीन भाकऱ्या 21 ग्रॅम, एक वाटी वरण साडेपाच, शेंगा चटणी दोन चमचे साडेचार, दही एक वाटी साडेचार. बेरीज 35 च्या आसपास. दहा कमी पडले. एक अंडं आणि मूठभर फुटाणे, किंवा वरणाबरोबर एक छोटी वाटी उसळ, की झालं. पण ही बेरीज वरणाचा घट्ट भाग मिळाला तर! घरात बायका शेवटी जेवतात आणि तोपर्यंत पातेल्यात हळदीचं पाणी उरलेलं असतं. उपाय एकच आणि फुकटचा: पहिल्या पंगतीआधी तिची वाटी भरून झाकून ठेवायची. ही जबाबदारी तिच्यावर टाकू नका. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रोज आणखी 22 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि लोहाच्या गोळ्या 180 दिवस. पिकलेली पपई, अंडी, केळं यांवरची जुनी बंदी उठवा.

याच वयातल्या, दुकानात किंवा ऑफिसात बसून काम करणाऱ्या पुरुषाने कंबर मोजावी. त्याचा बदल म्हणजे एक भाकरी कमी, भाजी दुप्पट, संध्याकाळची भजी आठवड्यातून एकदा.

शेंगा चटणीवर इथे थांबायला हवं, कारण सगळा मुद्दा तिच्यात दिसतो. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, तेल सुटून गोळा होईपर्यंत उखळात कुटलेली. शंभर ग्रॅम दाण्यांत जवळपास 40 ग्रॅम तेल आणि 24-25 ग्रॅम प्रथिनं. किडकिडीत नातवाच्या आणि वाळत चाललेल्या आजोबांच्या ताटात ती दोन चमचे दह्यात कालवून. मोठ्या पोटाच्या बाबांच्या ताटात एकच चमचा, आणि त्यावर पुन्हा तेल ओतायचं नाही. आजोबांचा रक्तदाब वाढलेला असेल तर घरी कुटताना मीठ निम्मं, लसूण जास्त. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे फेकाच. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्ण जात नाही आणि ते यकृताला घातक असतं.

*पंचेचाळीस ते साठ.* साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. देशातल्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींना त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था असल्याचं दिसलं. उंबरठ्यावर असाल तर जेवणाचा क्रम बदलून बघा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, शेवटी भाकरी-भात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी जागा असतेच. लिंगायत, जैन आणि इतर शाकाहारी घरांत या वयात बी बारा एकदा तपासाच. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर नक्कीच, कारण ती गोळी बी बारा कमी करते आणि पायाला मुंग्या येण्याचं खापर मधुमेहावर फुटत राहतं. पाळी गेलेल्या बायकांना कॅल्शियम 1200 मिलिग्रॅम लागतं. दूध-दह्याबरोबर नाचणी आणि तीळ हवेत.

*साठीनंतर.* "आता वय झालं, कमी खाल्लेलं बरं" हे आपल्याकडचं सगळ्यात महाग पडणारं वाक्य. भूक कमी होते, कॅलरीही थोड्या कमी पुरतात, पण प्रथिनं-जीवनसत्त्वांची गरज कमी होत नाही. प्रथिनं तर किलोला 1 ग्रॅमपर्यंत हवीत, नाहीतर स्नायू झडतात. आधी चालणं मंदावतं, मग माणूस पडतो, मग मांडीचं हाड मोडतं. दोन घरगुती चाचण्या करा. पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा: पुरुषांत 34 सेंटिमीटरच्या आणि बायकांत 33 च्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका. दुसरी, हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगा, बाजूला कुणीतरी उभं राहून. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद गेली आहे. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो, तर "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका.

दात नाहीत म्हणून आजी दिवसभर चहा-खारीवर असतात. भाकरी घट्ट आमटीत किंवा दुधात कुस्करा, मूगडाळीची खिचडी, दही, मऊ आम्लेट, दाण्याचं कूट घातलेली पालेभाजी द्या. सकाळच्या पहिल्या चहासोबतची खारी जाऊन तिथे एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दूध आलं तरी पुष्कळ. उन्हाळ्यात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. तांब्या भरून समोर ठेवायचा आणि संध्याकाळी किती उरलं ते बघायचं. ताकात मीठ घालायचं की नाही ते रक्तदाबावर ठरेल, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी आणि प्रथिनं दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, उपवास मोडला तरी.

सहावी पायरी: प्रत्येकाचा एक आकडा

वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येकासमोर एकच आकडा लिहा. बाळाचं वजन, मुलीचं हिमोग्लोबिन, आईच्या वाटीतली डाळ, बाबांची कंबर, आजीची पोटरी. एकाच माणसाच्या मागे चार आकडे लावले की तो वैतागतो. आकड्याखाली एकच बदल लिहा, आणि तो किराणा यादीत दिसला पाहिजे: पुढच्या महिन्यात डाळ 3 किलोची 6 करा, तेल 5 लिटरचं 4. पैशांची ओढाताण असेल तर तेल, साखर आणि पुड्यांतून वाचलेल्या पैशात आधी मटकी-हरभरा घ्या. बदाम-अक्रोड राहू द्या, शेंगदाणा आहे.

पुन्हा कधी मोजायचं? बाळाचं वजन दर महिन्याला. गोळी चालू असलेलं हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी. एचबीएवनसी तीन महिन्यांआधी करून पैसे घालवू नका. कंबर महिन्यातून एकदा, तीही सकाळी नाश्त्याआधी. पोटरी आणि खुर्चीची चाचणी तीन महिन्यांनी. काही गोष्टी मात्र वहीत लिहीत बसायच्या नाहीत, थेट दवाखाना गाठायचा: रक्तदाब 180/120 आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं, गरोदरपणी 140/90 किंवा जास्त, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, खूप तहान-लघवी लागून झपाट्याने उतरणारं वजन, आणि पुरुषात किंवा म्हाताऱ्या माणसात नव्याने दिसलेला कुठलाही रक्तक्षय, कारण तिथे पोटातून रक्त जातंय का हे आधी बघावं लागतं आणि पालेभाजी त्यानंतर.